बिनखिळ्यांचा पाळणा

१

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला उद्धवचा फोन आला. "देवराव, टेप घेऊन ये," एवढंच बोलून त्यानं ठेवला.

मी चाळीस वर्षं भूमापन खात्यात मोजणीदार होतो. उद्धव असनारे अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकील. बांधाच्या दाव्यांत मी साक्षीला उभा राहायचो आणि तो मला उलटसुलट विचारून घाम फोडायचा. मैत्री त्यातूनच झाली. गेल्या दहा ऑगस्टला त्याची सत्तरी झाली, तेव्हा पहिला पेढा त्यानं मला भरवला होता. मला वाटलं, शेजाऱ्यानं कंपाउंड सरकवलं असेल.

घरी पोचलो तर उद्धव मागच्या खोलीच्या दारात उभा होता. खोली रिकामी होती.

"पाळणा गेला," तो म्हणाला.

तो पाळणा मी कितीदा पाहिला होता. जाड सागवान, दोन्ही बाजूंना खांब, वर आडवा दांडा, आत कातीव गजांची पेटी. सबंध लाकडात एक खिळा नाही. उद्धव त्यात झोपला, त्याचा मुलगा गौरांग झोपला. येत्या रविवारी गौरांगच्या सव्वा महिन्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा आला कुठून, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. उद्धवची थोरली बहीण, गोदाबाई, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, ती सांगायची की वडिलांनी कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेतून बैलगाडीवर घालून आणला. उद्धवचं बारसं यातच झालं, हेही तीच सांगायची.

"दुपारी घरात कोण होतं?"

"अक्का एकटी. मी आमंत्रणं द्यायला चांदूर बाजारला गेलो होतो. गौरांग ऑफिसात. इशिता पोरीला लस द्यायला. अक्काला काठीशिवाय चालता येत नाही, म्हणून बाहेरून कुलूप लावून जातो आम्ही. कुलूप जसंच्या तसं होतं."

मी टेप काढला. दाराची रुंदी सव्वीस इंच. पाळण्याच्या खांबांमधलं अंतर चार फूट, खालचे पाय अडीच फूट पसरलेले. खिडकीला पक्के गज.

"हा आत कसा आला होता?"

"घर बांधताना, चौकट बसायच्या आधी ठेवला होता. तेव्हापासून हलला नाही. म्हणून तर त्या अरीबलाही इथंच बसून काम करावं लागलं."

अरीब हा अकोल्याचा सुतार. जुना हिरवा रंग खरवडून पॉलिश करायला त्याला बोलावलं होतं. गुरुवारी, शुक्रवारी येऊन रंग काढून गेला, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येणार होता.

"तोच," उद्धव म्हणाला. "दोन दिवस घरात वावरला. किल्ल्या खुंटीवरच असतात. ठसा घ्यायला किती वेळ लागतो? अकोल्याला नेतो म्हणून मागे लागला होता, मी नाही म्हटलं. परवा सकाळी ठाण्यात तक्रार देतो. चाळीस वर्षं मी कोणाचं खोटं कोर्टात पचू दिलं नाही, हा काय चीज आहे."

मी खाली वाकून फरशी पाहिली. पाळण्याच्या पायांचे चार चौकोन धुळीत स्वच्छ दिसत होते. ओढल्याचा ओरखडा नव्हता. करवतीचा भुसा नव्हता. लाकडाची एक कपची नव्हती.

"उद्धव, मले एक दिवस दे," मी म्हटलं.

२

घरातल्या माणसांपासून सुरुवात केली.

गौरांग बँकेत असतो. अबोल माणूस. तो म्हणाला, "काका, खरं सांगतो, मला तो पाळणा नकोच होता. बाबांपुढे बोलायची हिंमत नव्हती. पण मी सकाळी नऊ ते साडेपाच माझ्या टेबलावर होतो. विचारा कोणालाही."

का नको होता, ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा पहिला मुलगा त्याच पाळण्यात एकविसाव्या दिवशी पहाटे गार झालेला सापडला. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही.

इशिता पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, तू किती वाजता परत आलीस?

"पाचला. दवाखान्यात गर्दी होती."

"गौरांगनं मले लसीच्या कार्डाचा फोटो दाखवला, पोरी. तू त्याले साडेबाराले पाठवला होता. दवाखाना दहा मिनिटांवर हाय. साडेचार तास कुठी होती?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीचं टोपडं सारखं करत राहिली.

"मी त्या पाळण्याला हात लावला नाही. गेला याचं मला वाईटही वाटत नाही. माझं लेकरू त्यात झोपणार नाही, हे मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, लाकडाचा काय दोष."

"मग होतीस कुठी?"

"हिला माझ्या आईकडे ठेवलं. आणि जिथं त्याला पुरलं, तिथं गेले. रविवारी बारसं आहे ना. त्याला सांगायला नको का, तुला बहीण झाली म्हणून? आता तिथं गवत वाढलंय. जागा नीट सापडेना. शोधत राहिले."

गौरांग उठून बाहेर गेला. तिच्या चपलांना काळी माती लागलेली मी येतानाच दारात पाहिली होती. असली माती घरात पाळणा चोरून येत नाही. मी तिला आणखी काही विचारलं नाही.

३

अक्काच्या खोलीत गेलो. वय सत्त्याऐंशी. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, भावाचा संसार उभा केला. ती खाटेवर बसली होती. नऊवारीखालचे तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, लहान पोरासारखे लोंबत होते.

"अक्का, दुपारी काही आवाज आला?"

"मी निजली होती, देवराव. या वयात कान कुठी राहतात."

"पाळण्याचा रंग दर दोन वर्षांनी तुम्हीच द्यायले लावत होत्या म्हणे."

"लाकूड टिकते रंगानं."

"मग या खेपेला खरवडू काहून दिला?"

"मले कोण विचारते? उद्धवनं परस्पर सुतार बोलावला." तिनं डोळे मिटले. "जुनी वस्तू होती. गेली. जाऊ दे ना आता, काहून उकरून राहिला?"

मागच्या अंगणात बाळाच्या अंघोळीच्या पाण्याची चूल होती. त्यावर पाणी तापवायचं काम अक्का हट्टानं स्वतः करायची. मी राख काडीनं हलवली. बाभळीची दोन-तीन कोळसे झालेली ढलपी निघाली, आणि त्यांच्या खाली चार बोटं रुंदीचा एक तुकडा. एक कड जळलेली. दुसऱ्या कडेला खरवडायचा राहिलेला हिरवा रंग.

तो तुकडा मी रुमालात बांधला. उद्धवला दाखवला नाही. दाखवला असता तर त्यानं त्याच क्षणी घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मला अजून कळलं नव्हतं की हे जाळणारा हात काय लपवत होता.

४

मंगळवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्हीकडे धुकं होतं. अरीबचं दुकान जुन्या शहरात. पुढे कारखाना, मागे घर. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस, भुवयांवर भुसा. मी पाळण्याचं नाव काढलं तसा रंधा त्याच्या हातातच राहिला.

"काका, म्या चोरला असता तर काल त्यांचा फोन उचलला असता का? आन् नेऊ कसा? तो मले उघडताच आला नाही. सगळ्या खुंट्या ठोकून पाह्यल्या, एक हलंना. तोडल्याशिवाय त्या दारातून निघत नाही तो."

"मग गुरुवारी काय करणार होता?"

"दादीले आणणार होतो. ते काम आमच्या घरचंच हाय ना. दादाजीच्या हातचं. दादी म्हणे, त्याच्यात एक चोर खुंटी असते, ती काढली का बाकीच्या आपोआप सुटतात, ती मले ठाऊक हाय."

"तुमच्या घरचं हे तुले कशावरून समजलं?"

त्यानं फोन काढला. पाळण्याच्या बुडाची फळी, खालच्या अंगानं. हिरव्या रंगाखालून उर्दूत कोरलेल्या दोन ओळी निघाल्या होत्या.

"काय लिव्हलं हाय?"

"उद्धव. दोन मई, सन पचपन. अकोला. आन् खाली दादाजीचं नाव, रहमतुल्ला. म्या त्या बुढ्या बाईले वाचून दाखवलं, म्हटलं तुमच्या भावाचं नाव हाय.  तं त्यायनं मलेच विचारलं, तुह्या दादीचं नाव काय? म्हटलं, रईसा, गुरुवारी येऊन राहिली पाळणा पाहाले. त्या उठून आत गेल्या."

रईसाबी आतल्या खोलीत दुलई पांघरून बसल्या होत्या. नव्वदीला आलेल्या, पण आवाज खणखणीत. मी अमरावतीहून आलो, असनाऱ्यांच्या घरून, म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "गोदा ज़िंदा है?"

"आहे."

त्यांनी दुलई बाजूला सारली. मग थांबत थांबत सांगू लागल्या.

"भिंतीच्या पलीकडं राहे ती. तिच्या मावशीचं घर होतं. मी नवी दुल्हन, उन्नीस की. ती सतरा की. शिकाले आली होती म्हणत, पण तिले कोणी बाहेर निघू देत नव्हतं. आम्ही परसात भिंतीवरून बोलत होतो. अरीब के दादा ने पाळणा केला, माझ्या म्हणण्यावरून. कुछ लिया नहीं. आम्ही दोघींनी बसून खुंट्या बसवल्या. चोर खुंटी तिनंच बसवली, अपने हाथ से."

"आणि बाळ? बाळ कोणाचं होतं?"

त्यांनी मान हलवली. "मैंने कसम खाई थी, बेटा. उसके सामने. सत्तर साल हो गए, अब तोडूँ?"

मी उठलो. दारातून त्यांनी हाक मारली. "तिले सांगजा, मी कोणाले बोलली नाही."

५

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि शेताची मोजणी करावी तसं सगळं ओळीनं मांडलं.

पाळणा दारातून अख्खा निघत नाही. तोडलेला नाही. म्हणजे उघडून नेला. उघडायची युक्ती दोनच जिवंत माणसांना ठाऊक. एक अकोल्यात दुलईत. दुसरी त्या दुपारी त्या घरात एकटी, पाच तास. एकेक गज, एकेक दांडा उचलायला ताकद लागत नाही, वेळ लागतो. बाहेरून कुलूप होतं, तेव्हा पाळणा घराबाहेर गेलाच नव्हता. काल अक्काचे पाय लोंबत होते. त्याच खाटेवर बसून पायानं चप्पल शोधताना मी तिला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. खाट एका रात्रीत वाढत नाही. गादीखाली काहीतरी आलं होतं.

हे झालं कसं. का, ते त्या दोन ओळींत होतं. आपल्याकडे पोर जन्मायच्या आधी त्याचं नाव कोणी कोरत नाही. नाव पडतं बाराव्या दिवशी. दोन मे पंचावन्नला अकोल्यात उद्धव नावाचं मूल पाळण्यात होतं, गोदा तिथंच मावशीच्या घरात कोंडलेली होती, आणि कागदोपत्री उद्धव जन्मला दहा ऑगस्टला, बारशीटाकळीला, आईच्या माहेरी. अक्काच्या दोन गोष्टीही एकमेकींना धरून नव्हत्या. पाळणा कार्तिकातल्या यात्रेतून आणला असेल, तर श्रावणातल्या पोराचं बारसं त्यात कसं झालं? बारसं खरंच त्यात झालं होतं, पण श्रावणात नाही, आणि अमरावतीत नाही. आणि यात्रेचं नाव बहुतेक नंतर लागलं, दिवाळीत आई पोर घेऊन माहेराहून परतली, गाडीवर पाळणा कसा, याचं उत्तर म्हणून.

मूर्तिजापूरला चहावाला आला. मी घेतला नाही.

हातात आता एकच रात्र होती. सकाळ झाली की उद्धव एका निरपराध पोरावर चोरीची तक्रार देणार होता. ती थांबवायची, तर मला त्याला खरं सांगावं लागणार होतं. आणि खरं सांगितलं, तर सत्तर वर्षं त्यानं जिला आई मानलं, जिच्या फोटोला तो रोज फूल वाहतो, ती त्याची आई राहणार नव्हती.

६

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. उद्धव बाहेरच्या खोलीत तक्रारीचा मजकूर लिहीत होता. मी सरळ अक्काकडे गेलो आणि दार लोटलं.

"रईसाबी म्हणे, मी कोणाले बोलली नाही."

अक्का जरा पुढे सरकली. मग तिनं हात मागे नेऊन गादीची कड उचलली. खाली कातीव गज एकाशेजारी एक, ओळीनं ठेवलेले, मध्ये जुन्या लुगड्यांच्या घड्या, वाजू नयेत म्हणून. खांब पलीकडे भिंतीशी. काल रात्री ती त्यावरच निजली होती.

"सगळं जाळणार होती," ती म्हणाली. "बुडाची फळी जाळली. दुसरं जाळवलं नाही."

"फक्त फळीच जाळायची होती. पाळणा काहून लपवला?"

"पाळणा राह्यला असता तर रईसा आली असती. मले पाहून ती रडली असती. उद्धव वकील हाय, देवराव. रडणाऱ्या बाईले तो दोन प्रश्न विचारतो अन् तिसऱ्याले सगळं बाहेर काढतो." तिनं गादीची कड सोडली. "माह्या आईनं चार महिने पोटाले कपडे बांधले. बारशीटाकळीत लोकायले खोटं सांगतलं. दिवाळीत घेऊन आली, तं पोर अंगानं मोठं दिसे. लोक म्हणत, तिकडचं पाणी चांगलं. मले म्हणे, तू त्याची बहीण. जलमभर बहीणच राहजो. मी राह्यली."

"आणि त्याचा बाप?"

"मावशीच्या घरातल्या त्या माणसाचं नाव माह्या तोंडून काढू नको. ते माह्याबरोबर जाईल."

 मग मी तिला उद्धव काय लिहीत बसलाय ते सांगितलं. तिला ते ठाऊकच नव्हतं.

"रईसाच्या नातवावर?"

"उद्या सकाळी."

तिनं काठी मागितली. उभी राहिली, पुन्हा बसली. "तू काही सांगू नको. हे तुहं काम नाही. त्याले बोलाव अन् तू बाहेर बस."

मी उद्धवला आत पाठवलं. बाहेर इशिता पोरीला थोपटत होती. आतून कोणाचाच आवाज चढला नाही. पंधरा मिनिटांनी उद्धव बाहेर आला, टेबलावरचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर उभा राहिला. 

"देवराव, तुले हे ठाऊक होतं?"

"दुपारपासून."

"मले सत्तर वर्षं नाही," तो म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

७

बारसं झालं, पण साधं, भाड्याच्या पाळण्यात. मुलीचं नाव तुळजा ठेवलं. उद्धव पाहुण्यांशी हसून बोलला. अक्काशी नाही.

रईसाबी ठरल्या गुरुवारीच आल्या होत्या. अरीबनं त्यांना धरून गाडीतून उतरवलं. दोघी म्हाताऱ्या बंद खोलीत संध्याकाळपर्यंत बसल्या. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. जाताना अरीबनं पाळण्याचे सुटे भाग पोत्यात भरून नेले. नवीन बूड बसवायचं की नाही, हे त्यानं कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून उद्धव वरच्या मजल्यावर जेवायचा. अक्का खाली, इशिता तिच्याजवळ बसायची. मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, सतरा वर्षांची पोरगी होती ती. तिनं कोणाले फसवलं?" तो म्हणाला, "मी चिडलो नाही. मले कळून नाही राहिलं, तिच्यासमोर गेलो तं काय म्हणून हाक मारू. अक्का म्हणवत नाही. दुसरं तोंडातून निघत नाही." मग म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस गेले. चैत्र लागला, ऊन वाढलं. एका दुपारी इशिता ताक घेऊन गेली तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती उठली नाही.

स्मशानात मी त्यांच्याबरोबर होतो. नोंदणीच्या खिडकीत एक तरुण कारकून रजिस्टर उघडून बसला होता. गौरांगनं नाव सांगितलं, वय सांगितलं.

"पतीचं नाव?"

"लग्न झालेलं नव्हतं," गौरांग म्हणाला.

"अग्नी कोण देणार? नातं सांगा."

"माझे बाबा. उद्धव असनारे. भाऊ."

कारकुनानं लिहिलं. उद्धव मागे ओल्या धोतरात उभा होता. तो पुढे आला, खिडकीच्या गजाला धरलं.

"ते खोडा."

"काय चुकलं का साहेब?"

"भाऊ खोडा. मुलगा लिहा."

कारकून गोंधळला. त्यानं रजिस्टरकडे पाहिलं, मग गौरांगकडे. "पण आत्ताच हे म्हणाले की लग्न..."

"मी वकील आहे," उद्धव म्हणाला. "सांगतो तसं लिहा. नातं, मुलगा. पतीचा रकाना रिकामा ठेवा. खोडलंय तिथं मी सही करतो."

गौरांग बापाकडे पाहत राहिला. त्याला घरातल्या कोणी काही सांगितलं नव्हतं.  उद्धवनं सही केली, तारीख घातली, पेन परत दिलं. मग मडकं खांद्यावर घेऊन तो चितेकडे चालू लागला. मी बरोबर होतो म्हणून मला ऐकू आलं.

"दोन महिने होते गा माह्यापाशी," तो म्हणाला. "जिन्याच्या फक्त अठरा पायऱ्या होत्या."